चाकातला कापूस

११ जानेवारी २००६, बुधवार

गाडीच्या मागून आवाज येतो आहे. करंजीहून पांढरकवड्याला परत येताना पहिल्यांदा ऐकला. चाळीसच्या वेगाला नाही. पन्नासला शंका येते. साठला नक्की. पिठाच्या गिरणीच्या भिंतीमागून येतो तसा, एकसारखा.

कमलाकरकाकांना तो ऐकू गेला नाही. बाईंना गेला. "सदाशिव, मागे काहीतरी घुमतंय," म्हणाल्या. दिसत नाही म्हणून त्यांना जास्त ऐकू येतं, असं लोक म्हणतात. मला वाटतं त्या पहिल्यापासूनच तशा आहेत. शाळेत फळ्याकडे तोंड असतानाही शेवटच्या बाकावरची कुजबुज त्यांना कळायची.

काकांच्या पत्नी रत्नप्रभाबाई मला पाचवी ते आठवी मराठीला होत्या. पुढे मी दहावीत दोनदा राहिलो आणि शाळा सोडली. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांचं नाव नोंदवलेलं आहे. कुणी मरताना डोळे दान केले की फोन येतो, आणि त्याच दिवशी पोहोचावं लागतं. नाही पोहोचलं तर तो डोळा यादीतल्या पुढच्या माणसाला. मागच्या वर्षी एकदा फोन आला होता. काका आणि बाई बसने निघाले. वडकीच्या पुढे ट्रक उलटलेला, रस्ता चार तास बंद. दुसऱ्या गाड्या शेतांतल्या वाटेने निघून गेल्या, बस उभी राहिली. डोळा गेला. काकांचे गुडघे दुखतात, त्यांना गाडी चालवता येत नाही. मग त्यांनी आपल्या जुन्या मारुतीवर मला ठेवलं.

म्हणजे मला नेमलं आहे ते एका दिवसासाठी. तो दिवस कोणता, हे माहीत नाही. म्हणून गाडीतला कोणताही आवाज मला सहन होत नाही.

ही डायरीही काकांनीच दिली. रोज लिही, नीट लिही, डोळा आला की तपासीन, असं बाई म्हणाल्या आहेत. त्यांनी तपासावी असं वाटतं, आणि भीतीही वाटते.

१२ जानेवारी, गुरुवार

सकाळी एकटाच हायवेवर गेलो आणि कागदावर लिहून काढलं. उजवीकडे वळताना आवाज वाढतो, डावीकडे वळताना कमी होतो. क्लच दाबला तरी आवाज राहतो, म्हणजे इंजिनचा नाही.

कागद अमरसिंगभाऊंच्या गॅरेजवर नेला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"हे काय आहे बे? पंचनामा?"

"आवाजाची नोंद आहे, भाऊ."

"आवाज कानानं ऐकाचा असते, सदाशिवराव." मला ते मुद्दाम राव लावतात.

मग त्यांनी मागचं डावं चाक जॅकवर उचललं, एका हाताने फिरवलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा स्प्रिंगवर ठेवला. डोळे मिटले. माझाही तळवा तिथे ठेवायला लावला. बारीक खरखर हाताला लागली, जशी मांजर कुशीत घेतल्यावर लागते. "बेअरिंग गेलं," म्हणाले. "आत दोन असतात, मधात एक नळी. नागपूरहून मागवा लागते."

माझ्या कागदावरूनही मागचं डावंच निघत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. पण मला बरं वाटलं.

१३ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी काकांना आणायला गॅरेजवर गेलो. काका आणि अमरसिंगभाऊ काहीतरी बोलत होते. मी आल्यावर गप्प झाले. मग भाऊ म्हणाले, "मनगट लचकलं माह्यं. हातोडी धरवत नाही. बेअरिंग तुलेच बदलाव लागन."

उजव्या मनगटाला पट्टी होती.

मी म्हणालो, मला येत नाही. त्यांनी विचारलं, "पोटातून शिकून आलतो का मी?" काका रस्त्याकडे बघत होते.

ज्या गाडीवर बाईंचा डोळा अवलंबून आहे, तिचं चाक माझ्या हातून. झोप लागेल असं वाटत नाही.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. बाईंनी तिळगूळ दिला. बेअरिंगचं पार्सल आलं. काकांनी दोन्ही चाकांची मागवली होती. भाऊ म्हणाले, "जे बिघडलं नाही ते उघडाचं नाही." उजव्या चाकाची जोडी मी कागदातच ठेवून डिकीत टाकली.

१६ जानेवारी, सोमवार

आज बदललं. क्रमाने लिहितो, म्हणजे विसरणार नाही.

पुढच्या चाकांना दगड लावले. हँडब्रेक सोडला. मागचं चाक काढलं. मधली टोपी छन्नीने अलगद उचकटली. आतल्या नटाची कड एका ठिकाणी ठोकून दाबलेली असते, तो आपोआप सुटू नये म्हणून. ती कड सरळ केली. नट काढला. ड्रम ओढला, आला नाही. पुन्हा ओढला. भाऊ टायरवर माझ्याकडे पाठ करून बसले होते. तसेच म्हणाले, "ओढू नको. चारी बाजूनं थापट. आणि बोल त्याच्याशी." मी थापटलं. बोललो नाही. ड्रम आला.

जुनी बेअरिंगं आतून ठोकून काढली. मधली नळी जपून फडक्यावर ठेवली. ती विसरली तर नट आवळताच दोन्ही बेअरिंगं एकमेकांवर दाबली जातात आणि जळतात, असं भाऊंनी तीनदा सांगितलं.

मग ड्रमचा आतला भाग रॉकेलने धुतला. गॅरेजमधल्या चिंध्या फार घाण होत्या, ऑइलने काळ्या, वर वाळू. त्यांनी पुसावं असं मला वाटेना. मी घरून कापूस नेला होता. यंदा भाव नाही म्हणून आमचा कापूस विकला नाही. पुढची खोली छतापर्यंत भरली आहे, बाबा कापसाला टेकूनच झोपतात. त्यातला पांढराशुभ्र पाहून एक पिशवी काल निवडला होता. सरकी एकेक काढली होती. त्या कापसाने ड्रमचा आतला भाग असा पुसला की तोंड दिसावं. भाऊ तेव्हा पान खायला गेले होते. नाहीतर त्यांनाही दाखवलं असतं.

नवीन बेअरिंग बसवताना जुन्याची कडी वर ठेवून ठोकायचं. भाऊ म्हणाले होते, आवाज बदलेपर्यंत ठोक. पहिलं बेअरिंग टण टण करत गेलं आणि बसल्यावर ठक्क झालं. दुसरं टण टण करत गेलं आणि झालं, पण ठक्क नाही, ठप्प असं काहीतरी. मी आणखी ठोकलं. तसंच. भाऊ तेवढ्यात परत आले. विचारलं, "बसलं?" मी म्हणालो, "बसलं."

हे इथे लिहून ठेवतो, कारण त्यांना सांगितलेलं नाही.

साठच्या वेगाला नेऊन आणली. आवाज बंद! सत्तरलाही बंद. परत आल्यावर बाई अंगणातच खुर्चीवर बसल्या होत्या. "त्यानं स्वतः केलं ना सगळं?" असं त्यांनी भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, "मी तर पाह्यलंबी नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांची पट्टी आज डाव्या मनगटाला आहे. दोन्ही हात दुखावलेले असताना हा माणूस उन्हात माझ्यासाठी टायरवर बसून राहिला. विचारपूससुद्धा केली नाही मी. त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "चल हट."

१९ जानेवारी, गुरुवार

वडकीपर्यंत जाऊन आलो. पासष्टला अगदी थोडं काहीतरी ऐकू आलं. की मलाच वाटलं? थांबून दोन्ही मागच्या ड्रमना हात लावला. उजवा कोमट. डावा गरम. हात ठेवून दहा आकडे मोजता आले नाहीत, सातला काढावा लागला.

घरी येऊन कुणाला बोललो नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

आजही बोललो नाही. कारणं लिहितो. एक, नवीन बेअरिंग सुरुवातीला गरम होत असेल. दोन, भाऊंना सांगितलं तर ते म्हणतील, तू तर बसलं म्हणाला होतास. तीन, काका दुसरा ड्रायव्हर बघतील.

वाचून पाहिलं. पहिलं कारण खोटं आहे, मलाच माहीत आहे. दुसरं आणि तिसरं माझ्याबद्दल आहे. बाईंच्या डोळ्याबद्दल एकही नाही.

उद्या सकाळी सांगणार.

२१ जानेवारी, शनिवार. नागपूर

दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून लिहितो आहे. दुपारचे चार वाजले. बाई आत आहेत.

सकाळी आठला मी सांगायला म्हणूनच गेलो होतो. दार उघडायच्या आतच घरातला फोन वाजला. काका फोनवर "हो, हो, निघतो" म्हणाले आणि रिसिव्हर ठेवून खाली बसले. "डोळा आलाय," म्हणाले. "काल कुणीतरी... संध्याकाळी पाचच्या आत पोहोचायचंय. सदाशिव, काढ गाडी."

मी दारातच उभा राहिलो.

"अरे, काढ ना!"

मी म्हणालो, "काका, गाडी बरोबर नाही. डावं चाक गरम होतं. परवापासून मला माहीत आहे. मी बोललो नाही."

काका मला कधी रागावले नव्हते. आज रागावले. "परवापासून? आणि तू आज सांगतोस? याच दिवसासाठी तुला ठेवलं ना रे? मी जीप बघतो कुणाची तरी. चालता हो तू."

ते काठी शोधू लागले. बाई आतून आल्या, भिंतीला हात लावत. वेणी अर्धीच घातलेली होती.

"सदाशिव, उघडून बघायला किती वेळ लागेल?"

"दीड तास. भाऊ असले तर."

"नागपूरला?"

"साडेतीन तास."

"म्हणजे दोनपर्यंत. मग उघड."

काका म्हणाले, "अगं, मागच्या वेळी काय झालं, विसरलीस?"

"मागच्या वेळी रस्ता बंद आहे हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. यानं सांगितलंय. दुसऱ्याच्या जीपचं कोण सांगणार आहे?" मग माझ्या दिशेने म्हणाल्या, "मला पण ने. घरी बसून मी नुसती फोन ऐकत बसेन."

गाडी वीसच्या वेगाने गॅरेजवर नेली. भाऊंना सगळं सांगितलं, ते ठप्पही सांगितलं. त्यांनी हाताची पट्टी काढून फेकली, पाना उचलला, चाकापाशी बसले. मग एकदम थांबले. पाना माझ्या हातात दिला आणि बाजूला सरकले. "तूच उघड. घाई करू नको."

बाई बाकड्यावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. काका येरझारा घालत दर पाच मिनिटांनी किती वाजले ते सांगत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, घड्याळ त्याच्याकडे पण आहे."

ड्रम निघाला. दुसरं बेअरिंग ठोकून काढलं. भाऊंनी आत बोट फिरवलं, ग्रीस पुसून बोट उजेडात धरलं. ग्रीसमध्ये पांढरे तंतू होते. बेअरिंग जिथे टेकतं त्या कडेला सरकीच्या टरफलाचा एक तुकडा चपटा होऊन चिकटला होता. भाऊंनी तो नखाने काढला. तीळही त्याहून मोठा असतो. तेवढ्यानं बेअरिंग तिरकं बसलं होतं.

"हे काय आहे?"

"कापूस," मी म्हणालो. "मी त्यानं ड्रम पुसला होता. सरकी काढली होती सगळी."

भाऊंनी ते बोट माझ्यासमोर धरलं. मग म्हणाले, "बाजारात भाव नाही म्हणून चाकात भरला का रे?"

आणि हसायलाच लागले. बाकड्यावरून बाई हसल्या. काकांनी विचारलं, "काय झालं? काय सापडलं?" भाऊ म्हणाले, "काही नाही, काका. पोट्ट्यानं बेअरिंगमधे पेरणी केली." काकाही हसले, पण घड्याळाकडे बघून.

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "भाऊ, चिंध्या घाण होत्या."

"चिंधी घाण असली तरी तिचा धागा विणलेला असते. सुटत नाही. मंग रॉकेलनं धुवाचं, हवा माराची, अन् बोट फिरवून पाहाचं. कापूस तर चिकटाचाच." मग म्हणाले, "चूक माहीबी आहे. पान खायले काहून गेलतो मी?"

डिकीतली दुसरी जोडी काढली. मी धुतलं, हवा मारली, बोट फिरवलं. भाऊंनी बोट फिरवलं. मग बाई म्हणाल्या, "मी बघू?" आम्ही ड्रम त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आपलं बोट आत घालून सावकाश सगळ्या कडेवरून फिरवलं. दोन वर्षं त्या बोटांनीच सगळं बघतात. "इथे," त्या म्हणाल्या. अजून कापसाचा एक केस होता. एकच तंतू, भाऊंना आणि मला लागला नव्हता.

मग बसवलं. टण टण, ठक्क. टण टण, ठक्क. बाई म्हणाल्या, "बसलं."

दहा वाजून पाच मिनिटांनी निघालो. वडकीला थांबून दोन्ही ड्रमना हात लावला. बाईंनी काच खाली करून विचारलं, "कसं आहे?"

"कोमट."

"दोन्ही?"

"दोन्ही."

हिंगणघाटला तेच. जामला तेच. बुटीबोरीला मी उतरायला लागलो तर काका म्हणाले, "अरे बाबा, आता चल." पावणेदोनला दवाखान्यात पोहोचलो. बाईंना लगेच आत घेतलं.

इथे बाहेर एका नर्सताईंना विचारलं, डोळा कुणाचा आहे. त्या म्हणाल्या, नाव सांगत नाहीत. बाई की माणूस? तेही नाही. काल संध्याकाळी गेलेल्या कुणाचातरी, एवढंच.

काल संध्याकाळी मी तिन्ही कारणं लिहीत बसलो होतो. त्याच वेळी कुठल्यातरी घरात लोक रडत होते. आणि रडता रडता त्यांनी फोन केला.

२३ जानेवारी, सोमवार. नागपूर

काल बाईंच्या डोळ्याची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, डोळा छान धरला आहे. स्पष्ट दिसायला महिने लागतील, आत्ता काचेवर वाफ आल्यासारखं दिसेल. औषधाचे थेंब न चुकवता घालायचे. कोणते, किती वाजता, ते मी पाठ केलं आहे.

मला आत बोलावलं. बाई काळ्या चष्म्यात बसल्या होत्या. त्यांनी चष्मा थोडा वर केला आणि माझ्या तोंडाजवळ येऊन बघितलं. बराच वेळ.

"मिशी कधी ठेवलीस रे?"

मी म्हणालो, "झालं वर्ष-दीड वर्ष."

"बरी नाही दिसत," म्हणाल्या, आणि त्यांच्या दुसऱ्या डोळ्यातून पाणी आलं. काका म्हणाले, रडायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

२५ जानेवारी, बुधवार

पांढरकवड्याला परत आलो. चाक शांत. भाऊंनी आधी चाकाला हात लावला, मग बाईंना नमस्कार केला. मला म्हणाले, सोमवारपासून दुपारी गॅरेजवर येत जा, कामं पडली आहेत. त्यांच्या मनगटांना आराम हवाच आहे. मी लगेच हो म्हणालो. काका आणि बाईंनीही लगेच परवानगी दिली, मला वाटलं त्यापेक्षा लवकर. मी नशीबवान आहे. माणसं अशी भेटली.

१ फेब्रुवारी, बुधवार

बाईंनी मला आठवडाभर आधीच दिवस मोजायला लावले होते. वीस तारखेला जो कुणी गेला, त्याची तेरवी आज.

काका आधी नको म्हणत होते. "तेरवी घरच्यांनी करायची असते. ते करत असतील. आपण कोण?" बाई म्हणाल्या, "त्यांनी त्यांची करावी. आपण आपली करू." काका भटजींकडे गेले. त्यांनी नाव आणि गोत्र विचारलं. काकांनी सगळं आयुष्य सरकारी कोषागारात काढलं, रिकामा रकाना त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. ते तसेच परत आले. म्हणाले, "भटजी नको. नुसतं जेवायला वाढू."

मग स्वयंपाक काय करायचा, यावर अर्धा तास गेला. तेरवीला मेलेल्याच्या आवडीचं करतात. आवड कुणाला माहीत?

"गोड करू, गोड सगळ्यांना आवडतं," काका म्हणाले.

अमरसिंगभाऊ म्हणाले, "भाजी झणझणीत करा. सपक खाणाऱ्याची नजर एवढी चांगली राहात नाही."

"तू डॉक्टर कधीपासून झालास?" बाईंनी विचारलं.

माझी आई तुळसाबाई आमच्या वाडीतली वांगी घेऊन आली आणि तिनेच चूल ताब्यात घेतली. शेवटी पुरण झालं, झणझणीत वांगी झाली, कढी झाली, आणि कुणाला काही सोसत नसेल तर असावा म्हणून साधा वरणभातही झाला. लहान मूल असेल तर, असं आई हळूच म्हणाली. काका उठून दुकानातून बिस्किटांचा पुडा घेऊन आले.

आम्ही पाच जण बसलो. सहावी पत्रावळ भिंतीकडच्या पाटासमोर मांडली. आईने तिच्यावर सगळं वाढलं. काकांनी पुडा फोडून दोन बिस्किटं बाजूला ठेवली. पाणी ठेवलं. काकांनी हात जोडले, तोंड उघडलं, पण कुणाचं नाव घ्यावं ते त्यांना कळेना. भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर हायवेवर ट्रक जात होते. मी मनात म्हणालो, तुम्ही जे कुणी असाल, आम्ही वेळेवर पोहोचलो.

कुणीच जेवायला सुरुवात करेना.

बाईंनी काळा चष्मा काढला. पाटाजवळ सरकल्या आणि तोंड अगदी जवळ नेऊन त्या सहाव्या पत्रावळीकडे बघू लागल्या. इकडून तिकडे, सावकाश, जसं त्या आमच्या वह्या बघायच्या.

"सदाशिव," त्या म्हणाल्या, "मीठ वाढायचं राहिलंय."

मी उठलो आणि वाढलं.